चौदाव्या दिवशी

सकाळचे आठ. अंगणातला मांडव काल रात्रीच उतरवलाय, बांबूंचे खड्डे तेवढे उघडे आहेत. काल तेरावं झालं, गोड जेवण झालं, पाहुणे शेवटच्या मिनीडोरनं गेले. ओटीवर दुखवट्याच्या साड्यांच्या पिशव्या एकावर एक पडल्यात. त्यांच्या शेजारी काकींनी माजघरातून आणून ठेवलेली निळी कापडी पिशवी आहे. दाराआडच्या खिळ्याला ती कित्येक वर्षं लटकत होती. काकांच्या हयातीत तिला दुसऱ्या कुणी हात लावला नाही.

"बाई, तुम्हीच बघा. मला ह्यातलं काय कळत नाय," काकी म्हणतात.

या घरातली दोन्ही मुलं माझ्या वर्गात शिकली, तेव्हापासून मी या घराची बाई. उल्हास नदीच्या काठचं, कर्जत तालुक्यातलं हे गाव. काका खोपोलीला एका कारखान्यात कायम कामगार होते. पहाटे उठून खोपोलीची गाडी धरायची, परत आलं की दोन एकर भात. वय ५४. त्या रात्री छातीत दुखायला लागलं, कर्जतला दवाखान्यात नेलं आणि तासाभरात सगळं आटोपलं.

मी पिशवी गोधडीवर उपडी करते. वीजबिलं, सोसायटीच्या पीककर्जाचं पुस्तक, हातानं लिहिलेला जुना सातबारा, आठ-अ, रेशनकार्ड, दोन पासबुकं, पीएफची घडी पडलेली चिठ्ठी, लेकीच्या लग्नाची पत्रिका. आणि काकांचा मोबाईल. तो चालू आहे. पहाटे पावणेपाचला त्याचा गजर होतो, पहिल्या पाळीचा. चौदा दिवसांत तो कुणी बंद केलेला नाही.

"सिम बंद करून टाकू का, बाई?" मुलगा विचारतो.

"आत्ता नको. बँकेचे, पीएफचे सगळे मेसेज त्याच नंबरावर येणार. तुझ्या वडलांनी कुठे काय करून ठेवलंय, ते तो फोनच सांगेल."

एटीएम कार्ड मात्र मी त्याच्याकडून मागून घेते आणि काकींच्या हातात देते. पिन माहीत आहे म्हणून पैसे काढायचे नाहीत. माणूस गेला त्या क्षणी खात्यातले पैसे सगळ्या वारसांचे झाले. माझे वडील गेले तेव्हा माझ्या भावानं क्रियाकर्माच्या खर्चाला असेच पैसे काढले होते. त्यात लबाडी काही नव्हती, पण पुढे त्याचा खुलासा द्यायला आईला एका बँकेच्या काउंटरसमोर उभं राहावं लागलं. डोक्यावरचा पदर सावरत ती सांगत होती आणि मागे रांग ऐकत होती. ते मला आजही आठवतं, म्हणून प्रत्येक घरात मी हे पहिल्यांदा सांगते.

लेक पासबुकावरून बोट फिरवतेय. "बाई, हे ४३६ रुपये कसले? गेल्या मे महिन्यात कापलेत. आदल्या मेमध्ये पण आहेत."

मला हायसं वाटतं. ती प्रधानमंत्री जीवनज्योती विम्याची ओळ आहे. वर्षाला ४३६ रुपये खात्यातून आपोआप जातात आणि वयाची ५५ वर्षं पूर्ण व्हायच्या आत मृत्यू आला, मग तो कशानंही येवो, तर घरच्यांना २ लाख रुपये मिळतात. खालची २० रुपयांची ओळ अपघात विम्याची, ती इथे लागत नाही. काकांनी कधीतरी बँकेत फॉर्मवर सही केली असणार. घरी बोलले नाहीत. दावा मात्र आपण होऊन करावा लागतो. पासबुकातली ही एक ओळ कुणी वाचली नाही, तर त्या २ लाखांचा पत्ता घरच्यांना लागतच नाही.

पीएफच्या चिठ्ठीवर बारा आकडी यूएएन आहे. नोकरीत असताना माणूस गेला की साठलेला फंड घरच्यांना मिळतो, पत्नीला पेन्शन सुरू होते आणि ठेवीशी जोडलेला एक वेगळा विमा असतो, तो पगाराच्या हिशेबानं ७ लाखांपर्यंत जातो. त्यासाठी २० नंबर, १०-डी आणि ५-आयएफ असे तीन फॉर्म. कारखान्यातून सही-शिक्का घेऊन ते पीएफ कार्यालयाला जातात. मी हे मुलाला लिहून देतेय, पण ऐकतायत काकी.

"म्हंजे ते गेल्यावर पण महिन्याचं पैसं येतील?"

"येतील काकी. तुमच्या नावावर येतील."

त्या काही बोलत नाहीत. हातातल्या हिरव्या बांगड्या कोपराकडे सारतात आणि कागद गोळा करायला लागतात. त्या बांगड्या लेकीनं फोडू दिल्या नाहीत. दहाव्याला घाटावर बायकांत कुजबुज झाली. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाडच्या ग्रामसभेनं २०२२ मध्ये विधवांच्या अशा प्रथा बंद करायचा ठराव केला, मग शासनानं सगळ्या गावांना तसं करायला सांगितलं. आमच्या घाटावर ठरावाचं नाव कुणी काढलं नाही. लेक आईचे दोन्ही हात धरून बसली आणि सोडायला तयार झाली नाही, एवढंच झालं.

दहाला ग्रामपंचायत उघडते. ग्रामसेवक काकींना खुर्ची देतात. या पदाला आता ग्रामपंचायत अधिकारी म्हणतात, पण गावाच्या तोंडी जुनंच नाव आहे. अर्ज वाचून ते मान हलवतात.

"ही नोंद माझ्याकडे होणार नाही. काका गेले कुठे? कर्जतला. मग नोंद कर्जत नगर परिषदेत."

"माणूस इथला, अग्नी इथं दिला," काकींना ते पटत नाही.

"खरंय काकी. पण मृत्यू जिथे झाला तिथलं रजिस्टर धरतात. घरी गेले असते तर घरातल्या कर्त्यानं मला कळवायचं होतं. दवाखान्यात गेले, म्हणजे दवाखान्यानं नगर परिषदेला कळवलेलं असणार. आज चौदावा दिवस ना? एकविसाव्याच्या आत आहात, काही अडत नाही."

हे २१ दिवस १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यातले. तेवढ्यात कळवलं तर फी नाही. मग ३० दिवसांपर्यंत विलंब शुल्क, पुढे वर्षापर्यंत वरच्या अधिकाऱ्याची लेखी परवानगी आणि वर्ष उलटलं की दंडाधिकाऱ्याचा आदेश. सुतकात घराबाहेर पडायचं नाही म्हणून लोक तेरा दिवस थांबतात, ते मी समजू शकते. पण चौदाव्या दिवशी तरी निघायलाच हवं.

मिनीडोरमध्ये आम्ही पाच जण. काकी, मुलगा, लेक, काकींचे चुलत दीर आणि मी. रस्त्याच्या कडेनं राजनाला भरून वाहतोय. भिवपुरीला टाटांच्या वीजघरातून सुटलेलं पाणी या कालव्यातून शेतांना मिळतं, म्हणून इथे पावसाळ्यानंतरही दुसरं भात होतं. बांधांवर माणसं वाकलेली दिसतात. काकी बाहेर बघतायत.

"यंदा लावायचं का नाय?" त्या कुणालाच उद्देशून विचारतात. मुलगा पिशवी मांडीवर घट्ट धरून बसलाय.

नगर परिषदेतल्या ताईंकडे दवाखान्याचा अहवाल आलेला आहे. त्या संगणकाचा पडदा आमच्याकडे वळवतात. "नाव नीट बघून घ्या."

नाव चुकलंय. त्या रात्री दवाखान्याच्या खिडकीवर पुतण्या उभा होता. त्यानं सगळं गाव काकांना ज्या नावानं हाक मारतं, ते नाव सांगितलं. वयही अंदाजानं ५० लिहिलंय. आधारवर, पासबुकावर पूर्ण नाव आहे. दत्तूचं दत्तात्रेय करायला इथे एक मिनिट लागतं. प्रमाणपत्र छापून गेल्यावर त्याच दुरुस्तीला पुरावे, अर्ज आणि हेलपाटे. आणि दुरुस्ती राहून गेली तर बँक म्हणते हा तो माणूस नव्हे, तलाठी म्हणतो हा तो वारस नव्हे. ताई आधार बघतात, दवाखान्याला फोन लावून खात्री करतात, अक्षर न् अक्षर मुलाकडून वाचून घेतात आणि मगच बटण दाबतात. अशा कामात घाई न करणारं माणूस भेटलं की मला त्याचे पाय धरावेसे वाटतात.

"किती प्रती?"

"दहा," मी म्हणते.

"दहा कशाला?" चुलत दीर विचारतात. मी बोटं मोजते: दोन बँका, विमा, पीएफ, कारखाना, तलाठी, सोसायटी, रेशन, वीज मीटर, आणि एक घरात ठेवायला. पहिली प्रत फुकट, पुढच्यांना किरकोळ पैसे. सहा महिन्यांनी परत या खिडकीशी येण्यापेक्षा आजच घ्याव्यात.

मुलगा प्रमाणपत्र आईला देतो. त्या ते वाचत नाहीत. चौघडी घालायला जातात, लेक म्हणते घडी नको आई, आणि वहीच्या पुठ्ठ्यात सरळ ठेवते.

बँकेत फार वेळ जात नाही. नामनिर्देशनात काकांच्या आईचं नाव आहे, आणि आजींना जाऊन आता आठ वर्षं झाली. लग्नाआधी उघडलेलं खातं, नाव बदलायचं राहून गेलं. म्हणून आता वारसांचा अर्ज, सगळ्यांच्या सह्या, हमीपत्र. सगळे कागद पोचले की १५ दिवसांत दावा निकाली काढायचा, असं रिझर्व्ह बँकेचं बंधन आहे. ४३६ रुपयांच्या विम्याचा फॉर्म अधिकारी स्वतः काढून देतात. आजी जिवंत असत्या तरी पैसे त्यांच्या एकटीचे झाले नसते, हेही ते मुलाला समजावतात. नॉमिनी पैसे ताब्यात घेतो, मालकी वारसांची. सर्वोच्च न्यायालयानं डिसेंबर २०२३ मध्ये शेअर्सच्या बाबतीतही तेच सांगितलं.

दुपारी दोन. तलाठी आज कचेरीत मीटिंगला आलेत, "तिथेच या" म्हणाले. आम्ही आवारात झाडाखाली थांबलोय. मुद्रांकवाला, टायपिंगची टेबलं, झेरॉक्सची खरखर. प्रांत कार्यालय कर्जत आणि खालापूर या दोन्ही तालुक्यांचं, त्यामुळे खालापूरची माणसंही इथेच आलेली.

झाडाच्या पाराला टेकून एक कातकरी बाई बसलीय. साठीची असेल, कदाचित कमीही. बरोबर एक तरुण कार्यकर्ता आहे, त्याच्या हातात फाईल. ती चौकच्या वरच्या अंगाच्या वाडीतली. दिवाळीनंतर वाडी वीटभट्ट्यांवर आणि कोळशाच्या भट्ट्यांवर जाते, मागे म्हातारी माणसं राहतात. हिचा नवरा दोन पावसाळ्यांपूर्वी वाडीतच गेला, खोकल्यानं. ओढ्याकाठी पुरला. नोंद करायची असते हे कुणी सांगितलं नाही.

"आता सांगतात, मेला त्याचा कागद दे," ती काकींना सांगते. "मातीत घातला त्याला आक्खी वाडी होती. पर कागद नाय म्हंजे तो जिताच."

नवरा कागदावर जिवंत, म्हणून ही विधवा नाही. विधवा नाही, म्हणून संजय गांधी निराधार योजनेचे महिन्याचे १५०० रुपये नाहीत. वर्ष उलटून गेल्यामुळे दंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय नोंद होत नाही, आणि २०२५ पासून उशिराच्या नोंदींची छाननी आणखी कडक झालीय, पोलिसांचा अहवालही लागतो. कार्यकर्ता फाईल उघडून दाखवतो. पोलीस पाटलाचं पत्र आहे, दोन शेजाऱ्यांचे जबाब आहेत आणि एका वहीच्या पानाची छायाप्रत आहे. आशाताईंची वही. घरभेटीच्या रकान्यात तारीख आणि "पुरुष मयत" एवढेच शब्द, निळ्या शाईत. सरकारच्या दप्तराजवळ जाणारा त्या माणसाच्या मृत्यूचा हा एकच पुरावा. ती वही नीट ठेवणाऱ्या बाईला मी ओळखत नाही, पण मनातल्या मनात तिला नमस्कार करते.

"भट्टीवर गेला असता तर आणखी अवघड," कार्यकर्ता म्हणतो. "मग ज्या गावात भट्टी, तिथे नोंद. परक्या जिल्ह्यात, कधी परक्या राज्यात. कोण जाणार?"

ती ज्या वाडीतून आलीय, तिथून इर्शाळगड दिसतो. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्या गडाखालच्या इर्शाळवाडीवर दरड आली. २७ मृतदेह सापडले. चार दिवसांनी शोध थांबवला तेव्हा ५७ माणसं बेपत्ता होती. देह हाती नाही तिथे मृत्यू कसा लिहायचा? साधा कायदा बेपत्ता माणसाची सात वर्षं वाट बघायला लावतो. अशा आपत्तीत शासनाला ती वाट आखूड करावी लागते. उत्तराखंडच्या २०१३ च्या प्रलयानंतर तसं केलं होतं. त्या रात्री घरांच्या दाराआडच्या पिशव्याही ढिगाऱ्याखाली गेल्या. मागे राहिलेल्यांना आधी आपण कोण हे सांगावं लागलं, मग आपलं कोण गेलं ते.

काकींनी डब्यातली उरलेली पुरणपोळी काढून तिच्या हातावर ठेवलीय. दोघी खातायत. काही बोलत नाहीत.

तलाठी येतात आणि पारावरच बसतात. सातबारा उघडतात. त्यावर काका नाहीतच. काकांचे वडील आहेत, १९९९ साली गेलेले.

"दोन वारस नोंदी कराव्या लागतील. आधी आजोबांची, मग काकांची. २०२५ च्या जिवंत सातबारा मोहिमेत झाली असती, तुमच्या गावात मी स्वतः बसलो होतो."

"पप्पा पाळीला होते," लेक म्हणते.

"आता करू. वारसानं तीन महिन्यांत कळवायचं असतं. अर्ज द्या, नोटीस निघेल, १५ दिवस हरकतीला, मग मंडळ अधिकारी नोंद मंजूर करतील. यादी लिहा. वारसांची, सगळ्यांची."

मुलगा लिहायला लागतो. आजोबांच्या कागदावर आजी मयत, काका मयत. काकांच्या कागदावर आईचं नाव, मग स्वतःचं. पेन थांबतं.

चुलत दीर खाली वाकतात, हळू आवाजात. "पोरीचं कशाला घालतोस? तिची हक्कसोड करून घे आधी. जागेचा भाव कुठं गेलाय बघतोस ना."

भाव खरंच चढलाय. पनवेल-कर्जत नवी लोकल लाईन बांधतायत, चौकला लोकल थांबणार, फार्महाऊसवाले उल्हासच्या काठानं जागा शोधत फिरतात. एक दलाल दहाव्याला घाटावर आला होता. पिंडाला कावळा शिवायची आम्ही वाट बघत होतो आणि तो मुलाच्या हातात कार्ड देत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

तलाठ्यांनी ते ऐकलंय. "हक्क सोडायचा की नाही ते ताई ठरवतील. नाव लागल्यावर, नोंदणीकृत दस्तानं, स्वतःच्या मर्जीनं. नाव लपवून यादी देता येत नाही. प्रतिज्ञापत्र तुमच्या सहीचं आहे, खोटं ठरलं तर अडकाल."

मुलीला बापाच्या मिळकतीत वारस म्हणून जागा १९५६ पासून आहे. वडिलोपार्जित जमिनीत मुलाइतकाच जन्मतः हक्क देशभरात २००५ पासून. मी हे सांगायला तोंड उघडते, पण काकी आधी बोलतात.

"तिचं नाव लिही." मग थोडं थांबून, "आणि त्या आजोबांच्या कागदावर तुझ्या दोन्ही आत्यांची पण लिही."

"आत्यांना विचारलं नाय अजून."

"इचारायचं काय त्यात? बाप त्यांचा नव्हता का?"

चुलत दीर चहाचं निमित्त काढून उठतात. लेक मान वर करत नाही; पुठ्ठ्यातून आपल्या आधारची झेरॉक्स काढते आणि भावाच्या मांडीवर ठेवते. तो एकेक अक्षर बघून नाव उतरवतो. लग्नानंतरचं आडनाव लिहायचं की माहेरचं, असं तलाठ्यांना विचारतो. दोन्ही लिहा, ते म्हणतात. आत्यांची वयं त्याला सांगता येत नाहीत. काकींना येतात. थोरली काकींच्या लग्नात सोळा वर्षांची होती, त्यावरून त्या हिशेब लावतात.

सोसायटीच्या कर्जाचं काय, असं मुलगा विचारतो. त्याच्या मनात हीच भीती चौदा दिवस असणार. जेवढी मिळकत वडिलांकडून येते तेवढ्यापुरतंच कर्ज वारसांवर येतं, तुझ्या पगारातून कुणी कापून नेणार नाही, असं तलाठी सांगतात. तो पहिल्यांदाच पाठ टेकून बसतो.

कातकरी बाईला आत बोलावणं आलंय. ती उठते, लुगडं झटकते, काकींच्या खांद्याला हात लावते आणि कार्यकर्त्याच्या मागून जिना चढते.

चारफाट्यावर आम्ही परतीच्या मिनीडोरची वाट बघतोय. ऊन उतरलंय. समोर मोबाईलचं दुकान आहे. मुलगा काकांचा फोन काढून बघतो.

"बाई, ह्याचं रिचार्ज परवा संपतंय."

"मारून घे. पीएफचं होईपर्यंत लागेल."

दुकानातला पोरगा नंबर विचारतो. मुलाला वडिलांचा नंबर पाठ नाही, काकी सांगतात, दहाही आकडे, न अडखळता.

"अठ्ठावीस दिवसांचा की चौऱ्याऐंशीचा?"

मुलगा माझ्याकडे बघतो. काकींनी कमरेच्या बटव्यातून पैसे आधीच काढलेत.

"मोठा मार," त्या म्हणतात.

मिनीडोर आलीय. पिशवी आता काकींच्या मांडीवर आहे.